आकडे ओळखण्याचा खेळ आणि उत्तराचे मोल



आजच्या विषयाचे नाव ऐकून कोणाला वाटेल की, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर पोरांच्या खेळाला काय जागा! ज्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण यांची चर्चा व्हावयाची, तेथे चार आकडे ओळखण्याच्या खेळाबद्दल तासभर बोलणे हा थिल्लरपणा आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु आमचे म्हणणे असे की, या खेळाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आपण कोणाच्या प्रश्नाला उत्तर देतो, मग ते उत्तर साधे 'नाही' असे का असेना, तेव्हा आपण त्याच्या हाती नेमके काय देतो? बँकेच्या कार्डाचा चार आकडी गुप्त क्रमांक या सभागृहातील बहुतेकांच्या डोक्यात आहे. त्या क्रमांकाचा आणि या खेळाचा संबंध फार जवळचा आहे. तो कसा, हे आम्ही आज क्रमाक्रमाने सांगणार आहोत.

प्रथम खेळ समजून घेऊ. याला लागतात दोन माणसे, एक कागद आणि एक पेन्सिल. एकाने मनात चार आकडी संख्या धरावयाची. तिच्यात कोणताही आकडा दुसऱ्यांदा यावयाचा नाही, आरंभी शून्य चालेल. दुसऱ्याने एक चार आकडी संख्या बोलून दाखवावयाची. पहिल्याने त्यावर एवढेच सांगावयाचे की, तुझ्या संख्येतले किती आकडे बरोबर असून जागेवरही बरोबर आहेत आणि किती आकडे बरोबर असले तरी जागा चुकलेले आहेत. पहिल्या प्रकाराला इंग्रज लोक 'बैल' म्हणतात आणि दुसऱ्याला 'गाय'. ही नावे का पडली याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही. आपणही आज तीच वापरू.

अशा संख्या किती होतात? पहिल्या जागी दहांपैकी कोणताही आकडा, दुसऱ्या जागी उरलेल्या नवांपैकी, मग आठांपैकी, मग सातांपैकी. गुणाकार केला की ५०४० होतात. या ५०४० घरांच्या वस्तीत एका घराचा पत्ता शोधावयाचा आहे.

समजा, मनात धरलेली संख्या ४२७१ आहे. शोधणाऱ्याने १२३४ म्हटले. यातील २ जागेवर आहे, तर १ आणि ४ आहेत पण जागा चुकलेल्या आहेत. उत्तर आले, एक बैल, दोन गाई. एवढ्या एका उत्तराने ५०४० पैकी २१६ संख्या उरल्या. बाकीच्या सर्व बाद झाल्या. आता शोधणाऱ्याने ५६७८ म्हटले. उत्तर आले, एक बैल, गाय नाही. २१६ च्या ३६ झाल्या. तिसऱ्या खेपेस त्याने ४२७३ म्हटले. ही संख्या आधीच्या दोन्ही उत्तरांशी जुळते, हे श्रोत्यांनी घरी जाऊन ताडून पाहावे. उत्तर आले, तीन बैल. आता ३६ पैकी एकच संख्या उरते, ती ४२७१. चौथ्या खेपेस खेळ संपला. ५०४० घरांतून तीन उत्तरांच्या आधारे नेमक्या दारापाशी येऊन उभे राहता आले!

आता या खेळातील एक गंमत पाहा. आपण १२३४ म्हटले आणि समोरच्याने 'काहीच नाही, ना बैल ना गाय' असे सांगितले, तर नवखा खेळाडू हिरमुसतो. त्याला वाटते, खेप फुकट गेली. उलट 'एक गाय' असे उत्तर आले की त्याला आशा वाटते, काहीतरी हाती लागले. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. 'काहीच नाही' या उत्तरानंतर ५०४० पैकी ३६० संख्या उरतात. 'एक गाय' या उत्तरानंतर उरतात १४४०. म्हणजे ज्या उत्तराने मन खट्टू होते, ते आनंद देणाऱ्या उत्तरापेक्षा चौपट कामाचे असते. कारण सोपे आहे. 'काहीच नाही' म्हटल्याबरोबर चार आकडे कायमचे निकालात निघतात. नकार म्हणजे रिकामी ओंजळ, ही आपली समजूत या खेळात टिकत नाही. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

असो. आता गणकयंत्राकडे, म्हणजे आज आपण ज्याला संगणक म्हणतो त्याकडे वळू. १९६८ साली इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या टायटन नावाच्या मोठ्या यंत्रासाठी फ्रँक किंग यांनी हा खेळ लिहिला. या खेळाचे हे पहिले ज्ञात संगणकीय रूप मानले जाते. याचे नाव 'मू', म्हणजे आपल्या भाषेत गाईचे हंबरणे. मनात संख्या धरण्याचे काम यंत्राने करावयाचे आणि ओळखण्याचे माणसाने. त्या काळी यंत्र एक आणि वापरणारे पुष्कळ अशी स्थिती असे. अनेक जण एकाच यंत्राला आपापल्या जागेवरून जोडलेले असत, आणि यंत्राचा वेळ हा सोन्याच्या भावाचा असे. तरीही हा खेळ इतका पसरला की, त्याच्या वापराला तेथे आवर घालावा लागला. पुढे १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका निघाली, तीतही 'मू' ची नोंद आहे.

एवढ्यावर थांबते तर ही गोष्ट करमणुकीच्या सदरातच राहिली असती. पण या खेळातून एक अडचण उभी राहिली, ती पाहण्यासारखी आहे. जेथे खेळ आला तेथे गुणतक्ता आला. कोण किती खेपांत ओळखतो, कोणाचा क्रमांक कितवा, याची एक वही यंत्रात ठेवावयाची. आता या वहीत लिहावयाचे कोणी? खेळाडूला वहीत लिहिण्याची मुभा दिली, तर तो खेळ न खेळताच आपले नाव सर्वांच्या वर लिहील. मुभा दिली नाही, तर त्याचा खरा खेळसुद्धा वहीत चढणार नाही. कारण यंत्राच्या दृष्टीने खेळ चालविणारा तोच असतो. १९७१ साली एका इंग्रजी नियतकालिकात 'अलेफ नल' हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकाने हा प्रश्न मांडला, आणि 'मू च्या हिशेबाचा प्रश्न' म्हणून तो ओळखला जाऊ लागला.

आपल्या व्यवहारात हा प्रश्न आपण कधीच सोडवलेला आहे. बँकेच्या खातेवहीत खातेदाराला स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही. परंतु खिडकीपलीकडचा कारकून खातेदाराच्याच सांगण्यावरून, पण बँकेच्या अधिकाराने आणि बँकेच्या नियमाने, त्याच वहीत नोंद करतो. सांगणारा एक, अधिकार दुसऱ्याचा, आणि दोघांच्या मध्ये नियम जाणणारा कारकून. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी यंत्रात नेमका असाच कारकून बसविला. एखादा कार्यक्रम कोणीही चालवो, चालत असेपर्यंत त्याला अधिकार मिळावयाचे ते चालविणाऱ्याचे नव्हेत, कार्यक्रमाच्या मालकाचे. म्हणजे खेळाडू 'मू' खेळेल, वहीत नोंद 'मू' करील, आणि खेळाडूला वहीला हात लावता येणार नाही. १९७४ साली रिची आणि केन टॉम्प्सन यांनी युनिक्सवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात या योजनेने 'मू च्या हिशेबाचा प्रश्न' सहज सुटतो, असा उल्लेख आहे. या कल्पनेसाठी १९७३ साली अर्ज केला गेला आणि १९७९ साली एकस्व मंजूर झाले. आजही युनिक्सच्या वंशातील यंत्रांवर माणूस स्वतःचा परवलीचा शब्द बदलतो, तेव्हा ज्या वहीला हात लावण्याची त्याला परवानगी नसते, त्या वहीत असा एक कारकूनच त्याच्या वतीने लिहीत असतो. गाईच्या हंबरण्यावरून नाव पडलेल्या खेळाने केवढ्या गंभीर गोष्टीची परीक्षा घेतली, हे यावरून दिसेल.

याच सुमारास या खेळाला एक रंगीत भावंड मिळाले. इस्राएलमधील मोर्देकाय मायरोविट्झ यांनी आकड्यांच्या जागी रंगीत खुंट्या घेतल्या, आणि लेस्टर येथील इन्व्हिक्टा कंपनीने 'मास्टरमाइंड' या नावाने हा खेळ बाजारात आणला. सहा रंग, चार जागा, रंग पुन्हा आला तरी चालेल; म्हणून शक्यता १२९६. अमेरिकेतील गणिती डोनाल्ड नुथ यांनी १९७६-७७ मध्ये एका छोट्या निबंधात सिद्ध केले की, योग्य रीतीने विचारणारा कोणतीही मांडणी जास्तीत जास्त पाच खेपांत ओळखू शकतो. आकडे-खेळाच्या ५०४० शक्यतांसाठीही यंत्राने असा हिशेब करून झाला आहे. तेथे जास्तीत जास्त सात खेपा लागतात, आणि उत्तम खेळाची सरासरी सव्वापाच खेपांहून किंचित कमी येते.

सातच का, चार का नाहीत, असे कोणी विचारील. याचे उत्तर पेन्सिलीने देता येते. एका प्रश्नाला उत्तरे किती प्रकारची येऊ शकतात? बैल आणि गाई मिळून चारापर्यंत, अशा जोड्या १५ होतात. त्यांतील 'तीन बैल, एक गाय' अशक्य, कारण तीन आकडे जागेवर बसले की चौथ्याला चुकीची जागाच उरत नाही. उरले १४ प्रकार. तीन उत्तरांनी फार तर १४ गुणिले १४ गुणिले १४, म्हणजे २७४४ संख्या एकमेकींपासून वेगळ्या करता येतील. ५०४० संख्या तेवढ्यात मावत नाहीत. म्हणून चार खेपांची खात्री कोणालाच देता येणार नाही. निदान पाच तरी लागणारच. आणि उत्तरे समान वाटली जात नाहीत, एकाच्या वाट्याला १४४० तर दुसऱ्याच्या वाट्याला एखादीच, म्हणून प्रत्यक्षात सातपर्यंत मजल जाते.

नुथ यांच्या निबंधातील आणखी एक मुद्दा आम्हांला फार मोलाचा वाटतो. काही वेळा जी संख्या उत्तर असणे शक्यच नाही, ती विचारणे हिताचे ठरते. एक उदाहरण घेऊ. समजा, पहिले तीन आकडे १, २, ३ आहेत हे नक्की झाले, आणि चौथा ५, ६, ७, ८ यांपैकी कोणता तरी आहे. उतावळा माणूस १२३५ विचारील, मग १२३६, मग १२३७. दैव फिरले असेल तर चार खेपा जातील. विचारी माणूस ६०९५ विचारतो. ही संख्या उत्तर नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. परंतु एक बैल आला तर चौथा आकडा ५; एक गाय आली तर ६; काहीच आले नाही तर ७ किंवा ८. म्हणजे फार तर तीन खेपा. बरोबर ठरण्याची हौस बाजूला ठेवून ज्ञान मिळवावयाचे, ही शास्त्रज्ञाची वृत्ती आहे. चांगला वैद्य रोग्याची तपासणी करतो तेव्हा काही रोग नाहीत एवढे ठरविण्यासाठीच काही प्रश्न विचारतो. रोग्याला ते प्रश्न अवांतर वाटतात; वैद्याला तसे वाटत नाहीत.

येथवर आपण ओळखणाऱ्याच्या बाजूने पाहिले. आता खुर्ची बदलू, आणि ज्याच्यापाशी गुपित आहे त्याच्या बाजूने पाहू. खेळात तो नियमाने बांधलेला असतो; बैल किती, गाई किती, हे त्याला सांगावेच लागते. कुलपाने मात्र तसे सांगता कामा नये. चुकीची किल्ली लावली की कुलपाने गप्प बसावे. 'तुझ्या किल्लीचा पहिला दाता बरोबर आहे' असे कुलूप बोलू लागले तर ते कुलूप राहिले नाही, तो खेळ झाला.

हे काल्पनिक नाही. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेत टेनेक्स नावाच्या प्रणालीत असे घडले. ती प्रणाली परवलीचा शब्द एकेक अक्षर तपासत जाई, आणि पहिले चूक अक्षर आले की थांबे. चतुर माणसांनी अशी युक्ती काढली की, आपण दिलेला शब्द यंत्राच्या स्मृतीत दोन पानांच्या सीमेवर ठेवावयाचा. पहिले अक्षर एका पानाच्या शेवटी, बाकीची पुढच्या पानावर. यंत्राने पुढचे पान मागितले, तर समजावयाचे की पहिले अक्षर बरोबर ठरले. मग सीमा एक घर पुढे सरकवावयाची. शब्द आठ अक्षरी आणि अक्षरे सव्वीस धरली, तर शक्यता होतात वीस हजार कोटींहून अधिक. परंतु अक्षर एकेक करून कळू लागले की आठ वेळा सव्वीस, म्हणजे जास्तीत जास्त २०८ प्रयत्न पुरतात. शब्द कोणी सांगितला नाही, वही कोणी चोरली नाही. यंत्र कोठे थांबले, एवढेच बाहेर दिसले आणि सर्व गेले.

आता आपल्या कार्डाचा क्रमांक. चार आकडे, पुनरावृत्ती चालते, म्हणून शक्यता १०,०००. केवळ 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मिळत असेल, तर अंदाजाने शोधणाऱ्याला सरासरी ५००० प्रयत्न लागावेत. पैसे काढण्याच्या यंत्रापुढे तर थोड्याच चुका माफ असतात, म्हणून परक्या माणसाला हा मार्ग बंदच आहे. परंतु २००३ साली केंब्रिजमध्येच, म्हणजे जेथे 'मू' जन्मला त्याच विद्यापीठात, माइक बाँड आणि प्योत्र झिएलिन्स्की यांनी एक भगदाड दाखवून दिले. बँकांच्या आत क्रमांक पडताळणारी एक बंदिस्त यंत्रपेटी असते. ती क्रमांक कधीच उघड करीत नाही. फक्त बरोबर की चूक एवढेच सांगते. पण पडताळणी करताना ती एक रूपांतराचे कोष्टक वापरी, आणि ते कोष्टक प्रश्न विचारणाऱ्यानेच पुरवावयाचे असे. आतला एखादा अप्रामाणिक माणूस ते कोष्टक असे बदलू शके की, 'बरोबर की चूक' या उत्तराचा अर्थच बदलून जाई. 'या क्रमांकात सात हा आकडा आहे काय?' असा प्रश्न विचारल्यासारखे होई. म्हणजे गप्प बसणाऱ्या पेटीकडून बैल-गाईंचा हिशेब काढून घेता येई. परिणाम असा की, ५००० च्या जागी सरासरी १५ प्रयत्न पुरत. त्यांनी हिशेब मांडला की, जेवणाच्या अर्ध्या तासाच्या सुटीत अशा माणसाला नुसत्या अंदाजाने २४ क्रमांक मिळाले असते, तेथे या रीतीने सुमारे ७००० मिळतील. पुढे २०१० साली रिकार्डो फोकार्दी आणि फ्लामिनिया लुच्चो या इटालियन संशोधकांनी तर या प्रकारच्या हल्ल्याची मास्टरमाइंडच्या खेळाशी उघडच तुलना केली, आणि एकाच गणिताने दोन्हींचा विचार केला.

यावरून बोध काय घ्यावयाचा? पेटीच्या भिंती भक्कम होत्या. गुप्तलेखनही भक्कम होते. चूक होती ती एवढीच, की प्रश्न कोणता विचारावयाचा हे ठरविण्याचा अधिकार परक्याच्या हाती राहिला होता. ज्याला हवे तसे प्रश्न विचारता येतात, त्याला 'हो' आणि 'नाही' एवढी दोनच उत्तरे पुष्कळ होतात.

श्रोतेहो, हाच नियम आपल्या घरच्या दूरध्वनीला लागू करून पाहा. अनोळखी माणूस बँकेतून बोलतो आहे असे सांगतो. तो आपला गुप्त क्रमांक विचारीत नाही. तेवढे शहाणपण त्यालाही आहे. तो म्हणतो, आपले खाते अमुक शाखेत आहे ना? आपण म्हणता, नाही हो, तमुक शाखेत. तो म्हणतो, जन्मसाल अमुक ना? आपण म्हणता, नाही. आपली समजूत अशी की, मी त्याला काहीच सांगितले नाही, उलट नाहीच म्हटले. परंतु मघाशी आपण पाहिले की, 'काहीच नाही' हे उत्तर 'एक गाय' या उत्तरापेक्षा चौपट मोलाचे असते. त्याच्या कागदावर रकाने भरत चालले आहेत. अशा माणसाला बरोबर उत्तर देऊ नये हे तर खरेच, पण चुकीची दुरुस्तीही करू नये. नकारही देऊ नये. दूरध्वनी खाली ठेवावा आणि आपणच बँकेत जाऊन चौकशी करावी. त्याच्या खेळात आपण खेळाडू व्हावयाचेच नाही, हा एकच नियम निर्धोक आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे; नाही तर या व्याख्यानातून केवळ संशय शिकल्यासारखे होईल. जेथे विश्वास आहे, तेथे हीच विद्या देणगी ठरते. शाळेत मुलाचे गणित चुकले, आणि शिक्षकाने नुसती फुली मारली, तर मुलाला कळते एवढेच की, हे नव्हे. शिक्षकाने 'रीत बरोबर, आकड्यांची जागा चुकली' असे लिहिले, तर मुलाला बैल किती आणि गाई किती हे कळले. पुढची खेप तो नेमकी टाकील. कुलपाने जितके कमी बोलावे, तितके शिक्षकाने अधिक बोलावे. एकाच उत्तराचे मोल समोर कोण आहे त्यावरून ठरते, आणि ते ओळखणे हाच व्यवहारातील विवेक होय.

आमची एक सूचना आहे. आज घरी गेल्यावर मुलांना बसवून हा खेळ खेळा. कागद आणि पेन्सिल एवढाच खर्च आहे. दोन-चार डाव झाले की मुलाला विचारा, तू ही संख्या का विचारलीस? तो कारण सांगू लागला की समजावे, तो तर्कशास्त्राचा पहिला धडा शिकला. मग खुर्ची बदलून विचारा, आता मी बैल-गाई सांगितल्याच नाहीत, नुसते 'चूक' म्हटले, तर तुला किती खेपा लागतील? तो क्षणभर गप्प होईल. त्या क्षणी त्याला कळेल की, उत्तर ही वस्तू फुकट वाटावयाची नसते.